धेंपो, साळगावकर आणि पीईएस 6 : पावसाळी नोंदी

जून अखेर

या पावसाळ्यात पीईएस 6, म्हणजे कोनामी कंपनीचा ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर 6’ हा फुटबॉलचा गेम, पुन्हा नीट खेळायला घेतला आहे. जुन्या आठवणीखातर चार मॅच खेळून बंद करायचा विचार नाही. दोन गोष्टी तपासायच्या आहेत. एक, ‘असा फुटबॉल गेम पुन्हा झाला नाही’ असं आपण सगळे छातीठोक सांगतो, त्यात किती तथ्य आहे. दुसरी माझ्या जास्त जिव्हाळ्याची. 2006 च्या ऑक्टोबरात हा गेम युरोपात आला तेव्हा भारतातलं फुटबॉल गोव्याच्या क्लबांच्या ताब्यात चाललं होतं. 2006-07 ची राष्ट्रीय लीग धेंपोनं जिंकली आणि पुढं आय-लीग सुरू झाली तर 2007-08 ते 2012-13 अशी ओळीनं सहा वर्षं करंडक गोव्याबाहेर गेलाच नाही : धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. पीईएसमध्ये यातलं कोणीच नाही, भारताचा संघसुद्धा नाही. ते खेळाडू गेममध्ये बसवले तर ते ओळखू येतील का, हे बघायचं आहे.

मी पीसीवरची आवृत्ती घेतली आहे. ती मुळात प्लेस्टेशन 2 च्याच घडणीची. एक्सबॉक्स 360 ची आवृत्ती दिसायला उजवी आहे, पण तिच्यात संपादनाची सोय फार तोकडी, म्हणून आपल्या कामाची नाही. पीसीवर अडचण आली ती पडद्याची. गेम 4:3 साठी बनवलेला, आजच्या रुंद मॉनिटरवर सगळे खेळाडू बसके आणि रुंद दिसतात. किटसर्व्हर (चाहत्यांनी बनवलेला, गेममध्ये बदल करणारा छोटा प्रोग्राम) टाकल्यावर प्रमाण जागेवर आलं. नवीन काही करण्याआधी ऑप्शन फाइलची (संघ-खेळाडूंतले सगळे बदल जिच्यात साठतात तिची) प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवावी. आमच्या डिचोलीत पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि फाइल सेव्ह होत असताना लाईट गेली की आठवड्याचं काम पाण्यात.

जुलै : आकडे भरण्याचं काम

त्या वर्षी जर्मन लीगचा परवाना कोनामीच्या हातून गेला. गेममध्ये बायर्न म्युनिक तेवढा राहिला आणि ‘टीम ए’, ‘टीम बी’ अशा नावांचे अठरा कोरे संघ आले. त्यांची नावं, रंग, खेळाडू, सगळं बदलता येतं. त्यातल्या तीन जागी मी धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स बसवतो आहे. साळगावकरांचा हिरवा आणि चर्चिलचा लाल रंग जमला. बोधचिन्हं चौकोन चौकोन भरून काढावी लागतात, ते काम रटाळ आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खरी मजा खेळाडूंच्या आकड्यांत आहे. एका खेळाडूला पंचवीसेक गुण, बहुतेक 99 पैकी : वेग, पहिल्या पावलांचा झपाटा, शरीराचा तोल, छोट्या पासची अचूकता आणि त्या पासचा वेग वेगवेगळा, शॉटची ताकद वेगळी आणि तंत्र वेगळं. त्याशिवाय कमजोर पायाची अचूकता 8 पैकी, आणि खास कौशल्यांचे तारे : मार्किंग, प्लेमेकिंग, एक-टच पास, गोलीसमोर एकटा असताना थंड डोकं. गोलीसाठीही एकास-एक अडवण्याचा वेगळा तारा आहे.

हे आकडे भरताना माणूस पुन्हा आठवावा लागतो. क्लायमॅक्स लॉरेन्सपासून सुरुवात केली. 2008 च्या एएफसी चॅलेंज कपात अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल करणारा म्हणून देशभर त्याचं नाव झालं, पण मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाहिलेला धेंपोचा क्लायमॅक्स म्हणजे मधल्या फळीतली भिंत. त्याला वेग बेताचा दिला, दम भरपूर, बचाव आणि सांघिक खेळाचे आकडे चढे, मार्किंगचा तारा. क्लिफर्ड मिरांडा डावखुरा. त्याला डाव्या बाजूला ठेवून लांब पासची अचूकता आणि चेंडू वळवण्याचा गुण वाढवला आणि उजव्या पायाला 8 पैकी 3 च दिले. मधल्या फळीतल्या बेटोला प्लेमेकिंग आणि पासिंगचे तारे, पण बचावाचा आकडा खाली. पुढं गोल करणाऱ्या रँटी मार्टिन्सला शरीराचा तोल आणि समोरच्याच्या पुढे घुसण्याची वृत्ती. मागं महेश गवळी आणि समीर नाईक. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंचा धेंपो पायात पास खेळायचा, म्हणून फॉर्मेशनच्या पडद्यावर खेळाडूंच्या धावेचे बाण आवरते ठेवले, सगळ्यांना पुढं सोडलं नाही.

साळगावकरांचा संघ मी एका हंगामाचा केलेला नाही. त्यात ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात आणि ब्रुनो कुतिन्हो पुढं, असा पिढ्या ओलांडणारा संघ आहे. ब्रह्मानंद भारताचा कर्णधार होता, त्याच्या हाताखालून फुटबॉल शिकलेली माणसं अजून गावागावांत भेटतात. त्याला एकास-एक अडवण्याचा तारा द्यायचा की नाही, हा प्रश्नच नव्हता.

जुलै, तिसरा आठवडा : मैदानात

तिन्ही संघांच्या आपसात मैत्रीपूर्ण मॅच लावल्या, गुणतक्ता वहीत ठेवतो आहे. दहा मिनिटांची मॅच, पाच ताऱ्यांची अवघड पातळी.

गेमची सगळी ताकद ज्यात दिसते असा एक प्रसंग सविस्तर सांगतो. धेंपो विरुद्ध चर्चिल, पाऊस चालू. बेटोकडे चेंडू, पाठ गोलाकडे. गेमपॅडवरचं आर 2 बटण धरून त्याला चेंडू थांबवायला लावला आणि वळवलं. रँटी दोन बचावपटूंच्या मधून निघाला होता. एल 1 आणि त्रिकोण ही बटणं, म्हणजे उचललेला थ्रू बॉल (बचावाच्या मागच्या मोकळ्या जागेत टाकलेला पास). ओल्या मैदानावर चेंडू टप्पा पडून सटकला, थोडा पुढे गेला. बचावपटूनं खांदा लावला, रँटी हलला पण पडला नाही, कारण तोल. चेंडू मात्र आला डाव्या पायाकडे आणि रँटीचा डावा पाय मी कमजोर ठेवला आहे. तिथंच शॉट मारला असता तर चेंडू गोलखांबाच्या बाजूनं गेला असता. एक पाऊल थांबलो, उजव्यावर घेतला, तेवढ्यात गोली पुढं आला, कोन बंद झाला. शॉट गोलीच्या हाताला लागून उडाला आणि मागून धावत आलेल्या क्लिफर्डनं डाव्या पायानं आत घातला.

या एका चालीत माझ्या बोटांचा भाग फार थोडा होता. चेंडू कुणाच्याही पायाला बांधलेला नाही, तो त्याच्या वजनानं चालतो. खेळाडू त्याच्या आकड्यांप्रमाणे त्याला गाठतो किंवा गाठत नाही, आणि त्या गाठण्यात माणूस दिसतो. नाव झाकून ठेवलं तरी क्लिफर्ड ओळखू येतो, क्लायमॅक्स ओळखू येतो. माझ्या मते पीईएस 6 चं मोठेपण एवढ्या एका गोष्टीत आहे. आद्रियानोच्या 99 ताकदीच्या डाव्या शॉटची आठवण सगळे काढतात. तोही याच पद्धतीचा एक नमुना, फक्त टोकाचा.

माझा भाचा मोबाईलवर ई-फुटबॉल, म्हणजे पीईएसचाच आजचा वारस, खेळतो. त्याला शेजारी बसवून गेमपॅड हातात दिला. पाच मिनिटांत म्हणाला, “मामा, ह्याला वळवला तरी तो वळतच नाही रे, पहिला थांबतो आणि मग वळतो.” त्याचं म्हणणं रास्त आहे. या गेममध्ये हालचालीच्या आठच दिशा आहेत. बॉक्सच्या टोकाशी तिरपा कट मारायचा असेल तेव्हा हे फार जाणवतं : हवी ती वाट दोन दिशांच्या मधून जाते आणि खेळाडू एक तर गोलीकडे जातो नाहीतर कॉर्नरकडे. तेव्हा आम्हाला ते खुपत नव्हतं कारण दुसरं पाहिलं नव्हतं. आज खुपतं.

दोष

कर्सरचा दोष मोठा आहे. बचाव करताना एल 1 दाबला की चेंडूजवळचा खेळाडू हातात यायला हवा. बऱ्याचदा येतो तो चेंडूच्या मागं राहिलेला, ज्याचा आता उपयोग नाही. मधल्या फळीतून थ्रू बॉल निघाला की महेश गवळी हवा असतो आणि हातात येतो क्लायमॅक्स. यावर उपाय सापडला नाही. बचावपटूला थोडं आधी निवडून मागं खेचत राहायचं, एवढंच.

पंच शिट्टीला फार उतावीळ. खांद्याला खांदा लागला तरी फ्री किक. आधीच्या पीईएस 5 पेक्षा सुसह्य आहे, पण गोव्याच्या आंतरवाड्यांच्या स्पर्धा पाहत वाढलेल्या माणसाला हे फुटबॉल फारच सोवळं वाटतं.

संगणकाचा संघ अवघड पातळीवर हुशार होत नाही, चपळ होतो. त्याची हल्ला करण्याची रीत ठरलेली : बाजूनं टोकापर्यंत धाव, तिथून मागं कट, म्हणजे गोलासमोर मागं दिलेला पास. एकदा ओळखली की फुलबॅक (बाजूचा बचावपटू) आधीच त्या जागी उभा करता येतो. मग गेम त्याची भरपाई करतो. गेमच्या नव्वद मिनिटांच्या घड्याळातल्या शेवटच्या दहा मिनिटांत तुमचे पास अकारण तुटायला लागतात, त्यांचा प्रत्येक चेंडू त्यांच्याच पायात पडतो. संघ वेगळे असले तरी खेळ एकच, हे मला सर्वांत जास्त टोचलं. मी एवढ्या कष्टानं धेंपोला पायातले पास खेळणारा संघ बनवला, पण संगणकाच्या हाती धेंपो दिला की तोही टोकापर्यंत धावून मागं कट मारतो. खेळाडू धेंपोचे राहतात, संघ राहत नाही.

पावसाचंही तसंच. ओल्या मैदानावर चेंडू सटकतो, ते छान आहे. पण आमच्याकडचा पाऊस चेंडू सटकवतो तसा अडवतोही. डबक्यात चेंडू जागच्या जागी थांबतो आणि सगळे पुढं निघून जातात. भाताच्या शेतात किंवा गावच्या मैदानावर खेळलेल्यांना हे सांगायला नको. गेममध्ये मैदान सगळीकडं सारखं.

पीटर ब्रॅकली आणि ट्रेव्हर ब्रुकिंग यांचं समालोचन मी बंद केलं आहे. आवाज चांगले, वाक्यं थोडी.

ऑगस्ट : मास्टर लीग

मास्टर लीग, म्हणजे एक क्लब हाती घेऊन हंगामामागून हंगाम चालवण्याचा गेममधला प्रकार, हेही समांतर चालू आहे, गेमनंच दिलेले मूळ काल्पनिक खेळाडू घेऊन. कास्टोलो, मिनांडा, शिमेलेझ, गोलात इव्हारोव्ह. ज्यांनी हा गेम खेळला त्यांना या नावांची ओळख करून द्यायला नको. दुसऱ्या विभागातून सुरुवात, हाती थोडे गुण (इथं गुण म्हणजे पैसा), आणि हंगामाच्या शेवटी पगाराला गुण पुरले नाहीत तर कारभार संपला.

इथं गेमचा हिशेब मला आजही पटतो. मोठा खेळाडू घेणं सोपं, त्याला पोसणं अवघड. मी पहिल्या हंगामात एकही नामांकित खेळाडू घेतला नाही. पगार कमी असलेले दोन तरुण घेतले, एक बचावात, एक बाजूला, आणि कास्टोलोवरच विसंबलो. खेळाडूंच्या तब्येतीचे बाण इथं फार महत्त्वाचे. लाल बाण वर असलेला साधा खेळाडू जांभळा बाण खाली असलेल्या चांगल्या खेळाडूपेक्षा उजवा ठरतो. दर मॅचआधी तो पडदा बघून संघ बदलायचा, हा सराव लागला की गेमची खोली कळते.

वाटाघाटी मात्र कंटाळवाण्या आहेत. बोली लावा, आठवडा जाऊ द्या, नकार, परत बोली. क्लब आणि खेळाडू यांच्यात काही बोलणं आहे असं वाटतच नाही.

चवथीनंतर

चवथीच्या सुटीत घरी आलेल्या मंडळींबरोबर बऱ्याच मॅच झाल्या आणि एक गोष्ट स्पष्ट दिसली. दोन माणसं समोरासमोर खेळली की वरच्या दोषांतले निम्मे नाहीसे होतात. कट मारण्याची ती ठरलेली रीत राहत नाही, शेवटच्या मिनिटांतली गडबड राहत नाही. धेंपो ज्याच्या हातात असेल त्याच्यासारखा खेळतो. आठ दिशा, कर्सर आणि पंच मात्र राहतात. वेगवान खेळाडूला आर 1 धरून सरळ पळवत नेणं हा सगळ्यांचा हुकमी डाव असतो. तो आवरायला आम्ही 90 च्या वर वेग कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. त्यानंतर मॅचमध्ये पासचं प्रमाण वाढलं.

पुढचं काम चर्चिलचं. त्यांचा गोल करणारा ओडाफा ओकोली अजून अर्धवट आहे. शॉटची ताकद आणि तोल यांचे आकडे ठरले, हेडरचा ठरत नाही. सध्या 82 ठेवला आहे आणि तो मला कमी वाटतो. 2008-09 च्या हंगामात ज्यांनी चर्चिलच्या मॅच फातोर्ड्याला बसून पाहिल्या, त्यांनी या एका आकड्यावर आपलं मत द्यावं. तो नक्की झाला की तिन्ही संघांची फाइल पूर्ण होते.