रिकॉलमधली माझी मोटारसायकल

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातील काकांकडून मी मोटारसायकल विकत घेतली, त्याला दोन वर्षे झाली होती. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून आपल्या मोबाइलवर आलेला कंपनीचा संदेश दाखवला. पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागात) दोष आढळला असून गाडी दुरुस्तीसाठी आणावी, असे त्यात होते. आरसी माझ्या नावावर झाली होती. कंपनीच्या नोंदीत मात्र काकांचाच नंबर राहिला होता. तो संदेश त्यांनी जाहिरात समजून पुसून टाकला असता तर मला काहीच कळले नसते, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्याच गाडीने मी रोज मकरपुरा जीआयडीसीत कामाला जातो आणि परतताना शिकवणीहून आलेली मुलगी मागे बसलेली असते.

रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणे, मालकाच्या नावावर नसतो, चासी नंबरावर असतो. हँडलखालच्या सांगाड्यावर कोरलेली सतरा अक्षरे-आकडे उतरवून मी कंपनीच्या संकेतस्थळावर घातले, तर ‘दुरुस्ती बाकी’ असे उत्तर आले.

सर्व्हिस सेंटरमधल्या गृहस्थांनी लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, “ब्रेक तो बराबर छे. पार्ट हजी नथी आव्यो, चलावो ने.” म्हणजे ब्रेक ठीक आहे, पार्ट अजून आलेला नाही, चालवा की. परंतु आतल्या पिस्टनचे रबर सैल झाले असेल तर ते झटक्यात दाबून कळत नाही. मी लिव्हर मध्यम जोराने अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायला सांगितला, तेव्हा तो त्यांच्या बोटांखाली हळूहळू हँडलकडे सरकत गेला. मग त्यांनी तक्रार जॉब कार्डावर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घेतली. तोवर मी काउंटरवरून हललो नाही.

पार्ट येईपर्यंत १९ दिवस गेले. तेवढे दिवस गाडी वाड्यात उभी ठेवून मी रिक्षाने गेलो. खर्च झाला, पण त्या ब्रेकवर मुलीला बसवणे मला शक्य नव्हते. दरम्यान जॉब कार्डाचा फोटो आणि चासी नंबर जोडून कंपनीला ईमेल केला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचे ‘११०-अ’ हे कलम आले आहे आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, याचाही उल्लेख केला.

दुरुस्तीच्या दिवशी मी शेजारी उभा राहिलो. ब्रेक ऑइलने रंग उडतो म्हणून मेकॅनिकने टाकीवर जाड कापड पसरले, काळ्या चहासारखे झालेले जुने ऑइल काढले आणि नवा सिलिंडर बसवून चाकाजवळच्या कॅलिपरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावली. प्रत्येक दाबाबरोबर नळीतून बुडबुडे येत होते. ते पूर्ण थांबेपर्यंत त्याने हात सोडला नाही. अशी कामाची माणसे भेटली की मन निश्चिंत होते.

बिलात मात्र ऑइल आणि मजुरी लावलेली होती. रिकॉलच्या कामाचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे नसतात, असे सांगून मी दोन्ही रकमा बिलातून काढून टाकायला लावल्या, आणि बदललेल्या पार्टचा नंबर जॉब कार्डावर लिहून घेतला. त्याच काउंटरवर कंपनीच्या नोंदीत काकांच्या जागी माझा मोबाइल नंबरही घातला. जॉब कार्डाची प्रत आता आरसीच्या पाकिटात आहे. उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याच्या हातात ती आधी देईन.