एका यादीतली तीन नावं

पद्म पुरस्कारांची यादी २५ जानेवारीला येते आणि त्या रात्री डेस्कवर कुणालाच वेळेवर जेवण मिळत नाही. २००५ साली मी पुण्यातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. पान एकवर काय जाणार, हे यादी उघडताच ठरलं. आर. के. लक्ष्मण यांना पद्मविभूषण, यश चोप्रांना पद्मभूषण, शाहरुख खान आणि अनिल कुंबळे यांना पद्मश्री. उरलेली नावं आतल्या पानावर एकाखाली एक लावायचं काम माझ्याकडे आलं.

ती लावताना माझा हात थांबला. पद्मभूषणमध्ये बंगळूरच्या किरण मजुमदार-शॉ आणि हैदराबादचे वरप्रसाद रेड्डी. पद्मश्रीमध्ये आपल्या पुण्याचे सायरस पूनावाला. तिघंही यीस्ट, जिवाणू, रक्तद्रव यांच्याकडून औषध किंवा लस करून घेणारे, आणि तिघांचा सन्मान एकाच वर्षी. तीन ठिकाणी विखुरल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं. मी वृत्तसंपादकांकडे गेले.

"पूनावाला म्हणजे घोडेवाले ना? दे दोन ओळी," ते म्हणाले.

"सर, त्या घोड्यांमधूनच सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली."

पूनावालांच्या स्टड फार्मवरचे, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्रावरचे, निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जायचे. घोड्याच्या रक्तद्रवातून धनुर्वातावरचं औषध निघतं, मग ते आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली ही संस्था निघाली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तिघांवर मिळून एका चौकटीची जागा दिली. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा आधीचा अंक, सुटायच्या आत कॉपी हवी होती.

रेड्डींवर मी थोडक्यात लिहिलं. त्यांच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली 'कावीळ ब'ची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस भारतात तयार केली, तोवर आपण ती महागड्या परदेशी कंपन्यांकडून घेत होतो. जास्त वेळ गेला तो मजुमदार-शॉ यांच्यावर. संदर्भ विभागातली कात्रणं वाचता वाचता मी त्यांच्यात गुंतून गेले. वडील बिअर कारखान्यात मुख्य ब्रूमास्टर. मुलगी ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटला जाऊन तीच विद्या शिकून आली, पण एका बाईच्या हाती बिअरचा कारखाना सोपवायला इथे कुणी तयार होईना. मग १९७८ साली भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर, एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत बायोकॉन. सुरुवातीचा माल काय, तर पपईच्या चिकातून काढलेलं पपेन आणि बिअर नितळ करायला माशाच्या वाताशयातून काढलेलं आयसिंग्लास. कर्ज द्यायला बँका कचरत होत्या. बाई, तरुण, आणि धंदा असा की त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

त्यांना १९८९ सालीच पद्मश्री मिळालेला होता. माझ्या मते तो त्या रात्रीच्या पद्मभूषणपेक्षा मोठा. पद्मभूषण आला तेव्हा बायोकॉनचा शेअर बाजारात येऊन गाजला होता, इन्सुलिन बाजारात आलं होतं, सगळं जग टाळ्या वाजवत होतं. १९८९मध्ये मात्र त्या पपेनसारखी विकरं (एन्झाइम) बनवून परदेशी पाठवत होत्या, आणि आमच्यासारख्या वर्तमानपत्रांनाही 'बायोटेक' म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. त्या वेळी कुणीतरी हे काम ओळखलं. चौकटीत मी पद्मश्रीचा उल्लेख आधी केला.

मथळ्यात 'पहिलं भारतीय इन्सुलिन' घालायची सूचना आली. ती मी घेतली नाही, कारण वोक्हार्टने २००३ सालीच मानवी इन्सुलिन आणलं होतं. बायोकॉनचं वेगळेपण असं की त्यांनी ते 'पिचिया' नावाच्या यीस्टकडून करून घेतलं, आणि जगात ते कुणी आधी केलेलं नव्हतं. माणसाच्या इन्सुलिनचं जनुक यीस्टमध्ये घालायचं, त्याला टाकीत वाढवायचं, त्याने तयार केलेलं इन्सुलिन वेगळं काढून शुद्ध करायचं. हे तीन वाक्यांत लिहायला मला बाकीच्या सगळ्या चौकटीपेक्षा जास्त वेळ लागला.

मुद्रितशोधक काकांनी कॉपी वाचली आणि कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"म्हणजे यात डुक्कर नाही, गाय नाही?"

"नाही काका. पूर्वी त्यांच्या स्वादुपिंडातून काढायचे. हे यीस्टमधलं."

"आमचे वडील त्या शंकेपायी सुई घेत नाहीत. डॉक्टर सांगून थकले." एवढं बोलून त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली, आणि त्या परिच्छेदाची एक प्रत घरी न्यायला मागितली.

डाक आवृत्तीत चौकट कापून छोटी लागली, शहर आवृत्तीत पूर्ण. २०१४ साली मजुमदार-शॉ यांना अमेरिकेत रसायन आणि विज्ञानातल्या कामासाठीचं ऑथमर सुवर्णपदक मिळालं, २०२० साली ईवाय या सल्लागार कंपनीचा जागतिक उद्योजक पुरस्कार. २०२२ साली पूनावालांना पद्मभूषण मिळाला, कोव्हॅक्सिनवाल्या कृष्णा आणि सुचित्रा एल्ला या दांपत्यालाही. कोविडनंतर लसवाल्यांसाठी पानावर जागा मागावी लागत नव्हती.

२००५च्या त्या अंकानंतर फोन आले ते बहुतेक लक्ष्मण यांच्यासाठी. चौकटीवरून एकच आला, जुन्नरकडच्या एका आजींचा. पुरस्काराचं त्यांना काही नव्हतं. नातू दोन महिन्यांचा होता आणि ती काविळीची लस कुठे टोचून मिळेल, एवढंच त्यांना हवं होतं. बाळाला ज्या डॉक्टरांकडे नेता त्यांना 'हिपॅटायटिस बी' असं नाव सांगून विचारा, म्हटलं. त्यांनी नातवाच्या आईला फोनवर बोलावलं आणि मी ते नाव तिला एकेक अक्षर करून लिहून घ्यायला लावलं.