तुम्ही विचारलंत म्हणून: अबोली पेटते कशी?

गोव्यात, फोंड्याला लग्नामुंजीत कुणी भेटलं की विचारणं ठरलेलं: "तुमच्या फोटोतली अबोली आतून दिवा लावल्यासारखी दिसते, ती कशी काय? ॲप कुठलं वापरता?"

ॲप वापरतो, नाही कशाला म्हणू? पण त्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी एक गैरसमज दूर करतो. फोटो धूसर केला की फूल उजळतं असं बऱ्याच जणांना वाटतं. नुसता धूसर फोटो हा हललेल्या फोटोसारखाच दिसतो. पाकळीची कड स्वच्छ हवी आणि तिच्याभोवती प्रकाश सांडलेला हवा. दोन्ही एकाच वेळी दिसलं, तरच डोळा फसतो.

कॅनडाच्या मायकेल ऑर्टननं १९८०च्या दशकात हेच स्लाइड फिल्मवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या फिल्मवर केलं. कॅमेरा तिवईवर ठेवून एकाच दृश्याच्या दोन स्लाइड काढायच्या, एक नेमकी फोकसमधली आणि दुसरी मुद्दाम फोकसबाहेरची. दोन्ही गरजेपेक्षा उजळ घ्यायच्या, कारण एकीवर एक ठेवल्या की काळोखतात. आज संगणकावर तेच होतं: फोटोची प्रत 'स्क्रीन' या उजळवणाऱ्या मिश्रणात उजळायची, तिची आणखी एक प्रत गॉशियन ब्लरनं, म्हणजे धूसर करणाऱ्या सोयीनं विरघळवून 'मल्टिप्लाय' या काळोखवणाऱ्या मिश्रणात वर ठेवायची आणि मग तिची अपारदर्शकता उतरवत आणायची. मी २०-३० टक्क्यांवर थांबतो. त्यापुढे गेलं की फुलाचं लग्नपत्रिकेवरचं चित्र होतं.

माझा जीव मात्र कॅमेऱ्यात रमतो. ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स पूर्ण उघडी ठेवा (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). अशा लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण अगदी एकाच जागी मिळत नाहीत, म्हणून उजळ कडांभोवती हलकीशी आभा येते. एफ ४ला ती जवळजवळ गेलेली असते. म्हणजे लेन्सचा दोषच इथे कामाला येतो. गोव्याच्या दमट हवेत बुरशी धरलेली जुनी लेन्सही चमक देते, पण ती मुद्दाम पाळू नका! एसीच्या गाडीतून पावसाळी हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. लोक ती लगेच पुसतात. मी ती विरत जाईपर्यंत फोटो काढत राहतो. व्हॅसलीनचा प्रयोग करायचाच असेल तर लेन्सपुढे बसवायच्या जुन्या यूव्ही फिल्टरच्या काचेवर, मधला भाग कोरडा ठेवून करा. थेट लेन्सवर कधीही नाही.

तरीही निम्मं काम उजेडाचं. अबोलीची पाकळी कागदासारखी पातळ असते. सूर्य कलल्यावर तिच्यामागून ऊन येऊ द्या आणि मागे सावलीतला चिऱ्यांचा गडगा धरा. मग केशरी रंग आपसूक पेटतो. त्याच झाडाचं एखादं पान लेन्सला जवळपास टेकवलंत, तर खालून हिरवा धुरकट पट्टा मिळतो. त्याला एक पैसा पडत नाही.

सगळी फुलं असली लाडीगोडी सोसत नाहीत. फोंड्याजवळ मार्दोळला महालसा देवीच्या देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची पूजा असते, त्या दिवसांत जाई हवी तेवढी मिळते, पण पांढऱ्यावर आभा चढवली की पाकळीतलं सगळं पुसून जातं. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, थोडं कमी ठेवावं लागतं आणि ढगाळ दिवस बरा. लाल जास्वंदीत लाल रंग आधीच काठोकाठ असतो, त्यात भर घातली की नुसता डाग उरतो. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर उगवणारी सीतेची आसवं ही इवली रानफुलं मात्र भिजलेल्या कातळावर पालथं पडून टिपावी. मागे पाणी असलं की त्याच्या चमचमत्या ठिपक्यांचे गोळे आपोआप तयार होतात, ऑर्टनची गरजच पडत नाही.

मोबाइलवर जमेल का, हा पुढचा प्रश्न. जमेल. मागून येणारं ऊन आणि लेन्ससमोरचं पान तिथेही चालतं. फुलामागचं आपोआप धूसर करणारा पोर्ट्रेट मोड तेवढा बंद ठेवा. पाकळी कुठे संपते आणि गडगा कुठे सुरू होतो ते त्याला नीट कळत नाही, आणि तो निम्मी अबोली खाऊन टाकतो.