गुळवेलीच्या ओळखपत्राचे आठ महिने

मेढ्याजवळ आमच्या बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलीय. गावातलं शेंबडं पोरही ती ओळखतं. पण ‘ही गुळवेलच आहे’ एवढं एका कागदावर लिहून घ्यायला मला जुलै ते मार्च लागले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट होता. गुळवेलीच्या खोडाचा अर्क ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींवर घालून बघायचा. खोड सावलीत वाळवलं, भरडलं, सॉक्सलेटमध्ये, म्हणजे अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात, मिथेनॉलनं अर्क काढला. साताऱ्यात हे पंधरा दिवसांत उरकलं. पेशींचं काम पुण्याच्या लॅबमध्ये होतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आधी ऑथेंटिकेशनचं पत्र आण. पेपर छापताना व्हाउचर नंबर विचारतात." म्हणजे वनस्पती हीच असं तज्ज्ञाचं लेखी पत्र, आणि जपून ठेवलेल्या नमुन्याचा नंबर.

पावसात भिजत वेल तोडली, रद्दीत दाबली, नमुन्याच्या कागदी शीटवर टाके घालून बसवली आणि एसटीनं पत्र देणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शीट पाहिली आणि विचारलं, "फूल कुठंय?"

"सर, जुलैत गुळवेलीला फूल नसतं."

"मग असेल तेव्हा या."

हृदयाच्या आकाराचं पान, दोरीसारखी लोंबणारी मुळं, सगळं दाखवलं. त्यांचं म्हणणं, टिनोस्पोराच्या, म्हणजे गुळवेलीच्या कुळीच्या, जाती अनेक, एकीच्या पानाला खालून लव असते. भिंगाखाली पान धरलं, तर गुळगुळीत. "मग आहेच की ही!" "असेल. पण फुलाशिवाय लिहून देणार नाही."

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले, यांचं मन बदललं असेल म्हणून. या वेळी फॉर्मवर विभागप्रमुखांचा शिक्का नव्हता, गाइडची सही होती. अर्ज तसाच परत. (शिक्का आधी घ्या. कोऱ्या फॉर्मवरच घ्या, चूक झाली तर दुसरा हाताशी असतो.)

इकडे हॉस्टेलच्या कपाटात जुनी शीट. एक दिवस उघडली तर दाबलेल्या खोडाला हिरवा कोंब! हिला अमृता का म्हणतात ते तेव्हा कळलं. गुळवेल दाबण्याआधी खोड उभं चिरायचं आणि उकळत्या पाण्यात बुचकळायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत गावी गेले तर निम्मी वेल गायब. आजी म्हणाली, "अगं, धाकट्याला ताप होता, काढ्याला तोडली थोडी." तेव्हा घरच्यांना बजावून ठेवा. उरलेल्या वेलीला जुलैतच लाल चिंधी बांधली होती, ती मात्र जाग्यावर होती.

मार्चमध्ये पिवळसर बारीक फुलं आली. धावत गेले. साहेब म्हणाले, "पानं?"

फुलं येतात तेव्हा गुळवेलीची पानं गळालेली असतात! मी तिथंच रडायच्या बेतात होते. मग पिशवीतून जुलैची शीट काढली. "दोन्ही एकाच वेलीचं कशावरून?" मोबाइलमधले दोन फोटो दाखवले, दोन्हींत लाल चिंधी. ते पहिल्यांदा हसले. आठ दिवसांत पत्र.

आणि गंमत बघा. ज्या पेशींवर हा अर्क घालायचा, त्या यू-८७. १९६०च्या दशकात स्वीडनच्या उप्सालातल्या एका रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या, असं सगळीकडे लिहिलेलं. २०१६ मध्ये उप्सालाच्याच संशोधकांनी मूळ गाठीचा डीएनए ताडून पाहिला, तर जगभर वापरात असलेल्या पेशी त्या रुग्णाच्या नाहीतच. मेंदूतल्याच कुठल्या तरी गाठीच्या असाव्यात, इतकंच. पन्नास वर्षं त्यांना कुणी फूल मागितलं नाही.

पुढचं काम सुरळीत झालं, एक सोडून. पेशी किती जिवंत आहेत ते मोजायच्या एमटीटी टेस्टमध्ये जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात आणि ५७० नॅनोमीटरला वाचन घेतात. माझ्या पेशी अर्क घालून १३० टक्के जिवंत! वनस्पतीचा अर्क स्वतःही तो रंग जांभळा करू शकतो. ९६ खणांच्या प्लेटमध्ये काही खण पेशींशिवाय, फक्त अर्काचे ठेवा आणि ते वाचन वजा करा. नाहीतर माझ्यासारखा आठवडा जाईल.

"म्हणजे गुळवेलीनं ब्रेन ट्यूमर बरा होतो ना?" असं काका विचारतात. नाही, काका. प्लेटमध्ये मीठ जास्त घातलं तरी पेशी मरतात. माणसात औषधाला रक्त आणि मेंदूमधली आडभिंत ओलांडावी लागते, ती प्लेटमध्ये नसते.

हां, आणि अर्क विरघळवायचं द्रव, डीएमएसओ, साधारण १८ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात सकाळी बाटली दगड झालेली दिसली तर खराब झाली म्हणून फेकू नका. मी एक फेकली.