तुम्ही विचारलंत म्हणून: माहजाँग म्हणजे जुगारच ना?

सिंगापूरला राहते आणि अधूनमधून माहजाँग, म्हणजे टाइल्सचा चिनी खेळ, खेळते म्हटलं की पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात, काय गं, तो जुगारच ना शेवटी? इथे नवीन आलेली मराठी मंडळीसुद्धा विचारतात, फक्त जरा हळू आवाजात, कारण शेजाऱ्यांनी चायनीज न्यू इयरला बोलावलेलं असतं आणि टेबलावर बसावं की नुसतं खाऊन यावं ते कळत नसतं.

तर हो, पैसे लावूनच खेळतात. बिनपैशाचं म्हटलं की आमच्या मजल्यावरच्या आंटी नाक मुरडतात, मग कोणीही काहीही टाइल टाकतं, डोकंच चालवत नाही असं त्यांचं म्हणणं. ज्येष्ठांच्या सेंटरमध्ये चालतं तसं, पण आंटी तिकडे फिरकत नाहीत.

खेळ रमीच्या घराण्यातला आहे, चौघं बसायचं, हातात 13 टाइल्स, चौदावीने चार सेट आणि एक जोडी जमली की डाव तुमचा. नेहमीच्या डब्यात 144 टाइल्स असतात, इथल्या डब्यात 148, कारण चार प्राणी जास्तीचे, मांजर, उंदीर, कोंबडा आणि गोम. मांजर आणि उंदीर दोन्ही तुमच्याकडे आले तर मांजराने उंदीर पकडला, की बाकी तिघांनी तिथल्या तिथे पैसे काढायचे, डाव पुढे कोणी का जिंकेना! कोंबडा आणि गोमेचंही तसंच. मला तर सगळ्या खेळात हेच आवडतं.

खरी मेख हिशेबात आहे. हाताच्या पॉइंटला इथे ताई म्हणतात आणि दर ताईला पैसे दुप्पट होतात. म्हणजे एका ताईला 10 सेंट ठरले तर पाच ताईला 1 डॉलर 60, ते ठीक आहे, चहा-नाश्त्याचा खर्च. पण तेच टेबल एका डॉलरवर गेलं की पाच ताईला 16, आणि ज्याने टाकलेल्या टाइलवर दुसऱ्याचा डाव झाला त्याला 32 भरावे लागतात, आणि पूर्ण गेम म्हणजे कमीत कमी 16 डाव, आता तुम्हीच गुणाकार करा.

तरीही नुसता जुगार म्हणून मोडीत काढायला जीभ रेटत नाही. इथे कोणी गेलं की बिल्डिंगच्या खालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, मंडप घालून काही दिवस शवपेटी ठेवतात आणि रात्रभर लोक तिथेच माहजाँग खेळत बसतात. पहिल्यांदा बघितलं की धक्का बसतो, पण घरच्यांना रात्री एकटं सोडायचं नाही आणि झोपायचंही नाही म्हणून ते चाललेलं असतं, आपल्याकडे कोकणात गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटतात तसंच. चीनमध्ये 1949 नंतर या खेळावर बंदी आली तरी तो घराघरांत टिकला, आणि 1998 मध्ये तिथल्या सरकारी क्रीडा खात्यानेच जुगाराशिवायचे नियम काढले.

इथला कायदाही समजूतदार आहे. 2022 च्या ऑगस्टपासून घरी, घरच्यांत आणि मित्रांत पैसे लावून खेळायला उघड परवानगी आहे, फक्त टेबल चालवून कोणी कट, म्हणजे कमिशन, घ्यायचा नाही, आणि ऑनलाइन तर मित्रामित्रांतही नाही. कसिनोत जायला मात्र नागरिक आणि पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्या, लोकांना दिवसाचे 150 डॉलर मोजावे लागतात, आणि माणूस वाहवत चाललाय असं वाटलं तर घरचे अर्ज करून त्याला कसिनोत बंदी घालू शकतात.

मला खटकतं ते इथेच. कसिनोच्या दारावर माणूस अडवता येतो, मावशीच्या डायनिंग टेबलावर कोण अडवणार? बरं, माहजाँगला चौघंच लागतात. फोनवर मेसेज येतो, तिघं जमलोय, एक कमी आहे, लगेच ये. नाही म्हणालात तर तिघांची संध्याकाळ फुकट, म्हणजे दोष तुमच्यावर. स्लॉट मशीनला तुम्ही न गेल्याचं वाईट वाटत नाही, नणंदेला वाटतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा चौथा भिडू दुसरीकडे राहायला गेला, त्याच्या जागी कोणाच्या तरी ओळखीचा आला, त्याला दहा सेंटचं टेबल म्हणजे पोरखेळ वाटायचा, मग स्टेक हळूहळू चढत गेले आणि बाई हरत असूनही उठेनात, कारण उठायचं म्हणजे वीस वर्षांच्या मैत्रिणींसमोर परवडत नाही असं कबूल करायचं. शेवटी नवऱ्याला कळलं ते मुलीच्या फीच्या वेळी. इथे जुगाराच्या व्यसनासाठी हेल्पलाइन आहे, समुपदेशन आहे, पण या बाई तिकडे गेल्या नाहीत, त्यांच्या मते त्या जुगार खेळतच नव्हत्या, मैत्रिणींकडे जात होत्या.

तेव्हा न्यू इयरला बोलावलं तर जरूर जा, दोन संत्री न्या, रिकाम्या हाताने जात नाहीत. बसायच्या आधी एका ताईला किती ते विचारा, पाच ताईचा आकडा मनात काढा आणि निघायची वेळ आधीच सांगून ठेवा, म्हणजे पाचवा कोणीतरी त्यांना शोधून ठेवता येतो. आणि गोम आली तर किंचाळू नका, कोंबडा कोणाकडे आहे ते बघा.