बाळ गेलं तरी ती बाळंतीणच असते, म्हणून जानेवारीत पळतेय

येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला मी फुल पळणार आहे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आणि त्यासाठी तुमच्याकडे पैसे मागायला हे लिहितेय. पैसे कशासाठी ते आधी सांगते, पळण्याचं नंतर.

आमची मुलगी पोटातच गेली. नववा महिना लागला होता. हालचाल जाणवेना म्हणून दवाखान्यात गेलो, सोनोग्राफी करताना डॉक्टर मॅडम बराच वेळ काही बोलल्याच नाहीत आणि मग बोलल्या. त्यानंतर कळा आणून नॉर्मल डिलिव्हरीच केली. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं ऑपरेशन करून काढत असतील, पण तसं नाही, कळा, टाके, रक्त जाणं, सगळं कुठल्याही बाईचं होतं तसंच माझं झालं. मग तिसऱ्या दिवशी दूध आलं. ब्लाउज भिजला, छाती कडक झाली, ताप भरला, आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. दूध आटायची गोळी असते, बीपी वगैरे बघून डॉक्टर ती लगेचच देऊ शकतात, पण कुणीतरी विचारायला तर पाहिजे.

आपल्याकडे बाळंतिणीचं किती करतात बघा. शेकशेगडी, मालीश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल, गार पाण्यात हात घालू देत नाहीत. माझ्या आईनं खानापूरहून डिंक, खारीक आणून ठेवलेली, जुन्या साडीची दुपटी शिवून ठेवलेली. दुपटी कुणीतरी माझ्या नजरेआड केली ते समजू शकते, पण त्याच्याबरोबर डिंकसुद्धा गेला. बाळ नाही म्हटल्यावर मी बाळंतीण आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि आईला तरी काय म्हणू, ती स्वतःच कोलमडलेली. आठवड्यातच मी धुणं धूत होते. येणारे जाणारे एकच म्हणायचे, "पुढचं होईल गं, वय काय झालंय तुझं."

मग वडगावातली मालीश करणारी अक्का आली. तिला आधीपासून सांगून ठेवलेलं, नंतर येऊ नको म्हणायचं राहूनच गेलं होतं. मला वाटलं दारातून परत जाईल. ती आत आली, पिशवी ठेवली, तेल तापवायला टाकलं आणि कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाळ गेलं म्हणून तुझी कंबर दुखायची राहिली काय की?" पाठ चोळता चोळता तिनं विचारलं, "कुणासारखी होती गं?" मी सांगितलं, नाक ह्यांच्यासारखं, केस भरपूर, बोटं लांब. तोपर्यंत मला हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि ह्यांनाही नाही. ह्यांनी तर तिला स्वतःच्या हातांनी मातीत ठेवलेलं आणि दुसऱ्याच आठवड्यात दुकान उघडून बसले होते. त्या रात्री आम्ही दोघं पहिल्यांदा तिच्याबद्दल बोललो. तिचं नाव ठेवलंय आम्ही. इथं लिहीत नाही, ते घरातलं आहे.

तर पैसे ह्यासाठी. आम्ही काही जणी आहोत, बेळगाव शहरातल्या, येळ्ळूरच्या, खानापूर तालुक्यातल्या, सगळ्या ह्यातून गेलेल्या. आशाताई नवजात बाळ बघायला घरी येतात ते ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या भेटी मुख्यतः बाळासाठी ठरवलेल्या आहेत, त्यामुळं बाळ नसलं की त्या घराकडं कुणाची पावलं वळत नाहीत. म्हणून आम्ही त्याच दिवसांना त्या घरी जातो. खीर करून नेतो, मालीशवाल्या बाईचे पैसे देतो, टाके, ताप, दूध ह्याबद्दल विचारतो, काही वेगळं वाटलं तर दवाखान्यात घेऊन जातो, आणि नवऱ्याशीही बोलतो. खर्च आहे तो गाडीचा, जांबोटी-कणकुंबीकडची गावं लांब, पावसाळ्यात तर विचारू नका. आणि आता एक कौन्सेलर पाहिजे, मराठी आणि कन्नड दोन्ही नीट येणारी, कारण आमच्या सीमाभागात एका गल्लीत दोन भाषा असतात आणि रडताना माणूस आपल्याच भाषेत रडतो. तिला फुकट राबवायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

जगात दरवर्षी साधारण २० लाख बाळं अशी जातात, २८ आठवड्यांनंतर, जन्माआधी किंवा जन्मताना. ह्यातली खूपशी वेळेवर उपचार मिळाले तर वाचू शकतात. म्हणून पोटुशी असाल आणि हालचाल कमी वाटली तर "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, दाखवायला जा. आणि नोकरी करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा. मला ऑफिसात सांगितलं गेलं की बाळ नाही तर मॅटर्निटी लीव्ह कसली. पण तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात 'मूल' म्हणजे मृत जन्मलेलं मूलही, असं सरळ लिहिलेलं होतं, आणि गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा होती. हे माहीत असतं तर मी भांडले असते, आता दुसऱ्यांसाठी भांडते.

पळणं सुरू झालं बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोठ्या आवारात. आधी नुसती चालायची, झाडं आहेत, कुणी काही विचारत नाही. मग पळायला लागले आणि लक्षात आलं की धापा टाकत रडलं तर कुणाला कळत नाही. आता रविवारी लांब पल्ला असतो, हिंडलगा, सुळगा, उचगावपर्यंत आणि परत, आणि अधूनमधून राजहंसगडाचा चढ, कारण मुंबईत शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा पायात काही उरलेलं नसतं म्हणतात. आपल्या बेळगावच्या गार हवेत पळून तिथल्या दमट हवेत कसं निभेल ह्याची जरा धास्ती आहे. पण पूर्ण करणार. अक्काला सांगितलं तर तिनं आधी पोटऱ्या दाबून बघितल्या आणि खोबरेल लावायला सांगितलं.

शंभर रुपयेसुद्धा चालतील. मला मेसेज करा, गटाच्या बँक खात्याचा नंबर पाठवते, हिशोब दर महिन्याला सगळ्यांना मिळेल. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर तिला विचारून आम्हाला कळवा. बेचाळीस दिवस उलटून गेले असले तरी कळवा, आम्ही येतो.