सडक बोलते

लाल गाडी पहिल्यांदा गावात आली तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे बसली हाय, का अजून उठाची हाय?"

दोन दारं, दोन सीट आणि जमिनीपासून वीतभर उंची. पुण्याच्या एका गृहस्थानं हौसेनं घेतलेली आणि हौस फिटल्यावर पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली ही स्पोर्ट्स कार मी घेतली, तेव्हा मी तिचा तिसरा मालक होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. म्हातारपणाच्या तक्रारी माहेरी कशाला न्यायच्या? नांदगाव खंडेश्वर तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. युरियाची पोती विकणाऱ्यानं असली गाडी घ्यावी का, यावर गावात हंगामभर चर्चा झाली. बाबांनी मात्र एकदाच तोंड उघडलं. "इतक्या पैशात जोडी आली असती." आमच्याकडे जोडी म्हणजे बैलजोडी, हे वेगळं सांगायला नको. तरी गाडीच्या दुसऱ्या सीटवर पहिल्या दिवसापासून हक्क सांगितला तो त्यांनीच. बायकोला जागा मिळते ती बाबा वावरात गेलेले असले तरच.

महिनाभरात गाडी गुणगुणायला लागली. चाळीसपर्यंत गप्प, साठला भुंगा, ऐंशीला पिठाची गिरणी. समृद्धी महामार्गावरून नागपूरला डीलरांच्या मीटिंगला निघालो तर गिरणीत आणखी दोन जाती वाढली. सिमेंटच्या सडकेवर पाणी निसटावं आणि टायरला पकड मिळावी म्हणून आडव्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांवरून आमची गाडी अशी काही ओरडत होती की मी गाण्याचा आवाज वाढवला, मग गाणंच बंद केलं. समृद्धी एकूण 701 किलोमीटर. आपल्याला तेवढं जायचं नाही, याचं त्या दिवशी मनापासून समाधान वाटलं.

एका गॅरेजवाल्यानं चाक हातानं हलवून, डोळे मिटून निदान केलं: बेअरिंग गेलं. पुढची दोन्ही बेअरिंगं बदलली. साडेसात हजार गेले, आवाज राहिला. उलट आता तो थोडा मोकळ्या गळ्यानं येतो आहे, असं वाटायला लागलं.

उलगडा झाला तो शेगावला जाताना. गुरुवार होता, बाबा शेजारी. गावापासून बडनेऱ्यापर्यंतच्या खडबडीत सडकेवर भुंगा सोबतीला होताच. बडनेरा सोडून अकोल्याच्या वाटेला लागलो आणि लोणीच्या पुढे बाबांनी एकदम हात वर केला.

"थांबला."

"कोण?"

"तुहा भुंगा."

खरंच थांबला होता. वेग तोच, काटा ऐंशीवर, आणि गाडी मांजरासारखी चाललेली. हा तोच रस्ता, ज्याचं नाव जून 2022 मध्ये गिनीज बुकात गेलं: 75 किलोमीटरची डांबरी लेन सलग 105 तास 33 मिनिटांत टाकली म्हणून. तेव्हा बातमी वाचून मी चार लोकांना मोठ्या अभिमानानं सांगितली होती. तिचा मला वैयक्तिक उपयोग होईल, असं काही वाटलं नव्हतं. पुढे एका ठिकाणी वळणरस्त्यावर उतरवलं, भुंगा परत आला. पुन्हा डांबरावर चढलो, गेला. बाबा म्हणाले, "बेअरिंग बिघडलं असतं त कोन्त्याई सडकीवर वरडलं असतं. हे गाडी नाई बोलत, सडक बोलते. गाडी फक्त कान देऊन रायली."

बाबांचं सगळं आयुष्य बंडीच्या चाकामागे गेलं. करकर आली की वंगण संपलं, खडखड आली की आख झिजला. रात्री घरात पडल्या पडल्या ते सांगायचे, कोणाची बंडी रस्त्यानं गेली ते. चारचाकीचा परवाना त्यांच्याकडे नाही, पण माझ्या साडेसात हजारांच्या निदानापेक्षा त्यांचं फुकटचं निदान बरोबर निघालं. नंतर बडनेऱ्याच्या मिस्त्रीचाचांनी त्याला दुजोरा दिला. बेअरिंग गेलं असेल तर रिकाम्या सडकेवर गाडी जराशी डावी-उजवी झुलवावी. बिघडलेल्या बाजूवर भार पडला की आवाज वाढतो, भार हटला की कमी होतो. सडक बदलली की आवाज बदलत असेल, तर टायर पाहावा.

"हात ठेवा," चाचा म्हणाले. मी पुढच्या टायरच्या नक्षीवर तळवा ठेवून बाहेरून आत नेला. गुळगुळीत. "आता वापस आना." परत आणताना प्रत्येक खाचेची कड बोटांना लागली, करवतीवरून उलटा हात फिरवावा तशी. चाकं सरळ नव्हती, किंचित तिरकी होऊन धावत होती. अलाइनमेंट कोणी केव्हा केलं होतं देव जाणे. रबराचे ते दात सडकेवर आपटत होते आणि त्यालाच मी भुंगा म्हणत होतो. चाचांनी मग बॅटरी मारून टायरच्या कुशीवरचे आकडे दाखवले. शेवटचे चार: 3112. म्हणजे 2012 सालातल्या एकतिसाव्या आठवड्यात जन्म. नक्षी भरगच्च, गाडी उभीच होती ना. पण अंगठ्याचं नख दाबलं तर रुतेना. कडेला भेगा पडलेल्या. मे महिन्यात आमच्या काळ्या मातीला पडतात तशाच, फक्त केसाएवढ्या.

"नक्षी नवरीची अन् उमर आजीची," चाचा म्हणाले. "बदलून टाका."

टाकायला हवे होते. पण ते माप बडनेऱ्यात नाही, अमरावतीत नाही, मागवायचं म्हटलं तर चारांची किंमत ऐकून मी दुकानदाराकडे पाणी मागितलं. कापसाचे पैसे येऊ दे, असं ठरवलं. हे आमच्या भागातलं सगळ्यात जुनं वाक्य असावं.

आता ब्रेकचं. इतके दिवस माझे कान टायरला लागलेले आणि ब्रेक बिचारा आवाज न करता आजारी पडत होता. खुणा नव्हत्या असं नाही. पेडल पूर्वीपेक्षा बोटभर खाली जाऊन लागायचं. डाव्या पुढच्या चाकाच्या रिमवर उजव्यापेक्षा जास्त काळी भुकटी बसायची. मी ती दर रविवारी निष्ठेनं पुसायचो. इतकी घाण एकाच चाकाला का, हा प्रश्न पुसणाऱ्याला पडला नाही.

श्रावणात चिखलदऱ्याला गेलो. बाबांना कॉफीची झाडं पाहायची होती. पाहिली, आणि "तुरीपेक्षा बरी दिसते, भावाचं मालूम नाई" असा शेरा मारून ते गाडीत बसले. परतताना परतवाड्याच्या बाजूचा घाट उतरायला लागलो. धुकं, ओली सडक, पुढे एसटी. मी चौथ्या गिअरमध्ये, दर वळणाला ब्रेक मारत शहाण्यासारखा चाललेलो. सात-आठ वळणं झाली आणि करपलेला वास आला. मला वाटलं एसटीचा. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल चिखलात पाय जावा तसं खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, थोडं लागलं. तिसऱ्यांदा काहीच नाही. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं म्हणतात. ती गोष्ट नेमकी त्याच क्षणी आठवायचं काही कारण नव्हतं.

तिसरा, मग दुसरा गिअर टाकला. इंजिन कळवळलं, पण गाडीनं अंग आखडलं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूला, नालीला चाक लागेल इतकी गाडी घेतली आणि थांबलो. बाबा एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा उजवा पाय मात्र समोर ताठ रोवलेला होता, तिथे पेडल नसताना.

उतरून पाहतो तर डाव्या चाकातून धूर. पावसाचे थेंब आत पडत होते आणि तव्यावर पडावेत तसे चर्र करत होते. मी सीटमागची पाण्याची बाटली काढली. बाबांनी मनगट धरलं.

"पागल झाला का बे? तापल्या लोखंडावर पानी?"

बंडीच्या चाकाला धाव चढवताना त्यांनी शंभर वेळा पाहिलेलं आहे. लोहार गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करतो, दोघं-तिघं सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि चाकाला असं आवळतं की जन्माला सुटत नाही. "थे चाकाले पाह्यजे म्हून वततात. तुह्या चकतीले आकसून काय करतं? वाकडी होईन." चाचांनीही नंतर हेच सांगितलं: तापलेल्या डिस्कवर पाणी मारलं तर ती वाकते, तडकायलाही कमी करत नाही.

मग काय, उभे राहिलो. खालून आलेल्या एका पोरानं भाजलेली कणसं विकली, ती खाल्ली. अर्ध्या तासानं पेडल बरंचसं परत आलं, हे मला त्या वेळी जादूसारखं वाटलं. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, चालत उतरावं तसा उतरलो. मागच्यांनी हॉर्न वाजवले, वाजवू दिले. बाबा आता खुशीत होते. बंडीला ब्रेक नसतो. उतार आला की बैल अंग मागे टाकतात, जू शिंगांकडे सरकतं आणि बैलच बंडी धरून ठेवतात. "आता बैलाईनं धरली," ते म्हणाले. "मंघाशी तू बैल सोडून उतरून रायला होता." शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे ते जुने शौकीन. तळेगाव दशासरचा पट त्यांनी सहसा चुकवलेला नाही. 2014 साली न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि 2021 च्या डिसेंबरात परवानगी परत मिळाली, ती मधली वर्षं त्यांनी उपवासासारखी काढली. वेगाचं वेड आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालेलं नाही, एवढंच म्हणायचं आहे.

चाचांनी दुसऱ्या दिवशी ब्रेक ऑइल बाटलीत काढून उजेडात धरलं. कोरा चहा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, बंद डबीतही, हळूहळू, वर्षानुवर्षं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल 205 अंशांच्या खाली उकळता कामा नये. पाणी मुरलेल्या त्याच ऑइलची हद्द 140 वर येते. घाटात ते उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले आणि माझा पाय ब्रेकऐवजी वाफ दाबत बसला. थंड झाल्यावर बुडबुडे विरले, पेडल परतलं. जादू ती एवढीच. आणि इतकं तापलं का, तर डाव्या चाकाचा रबरी होज पाइप आतून फुगलेला. पाय दाबला की जोरानं ऑइल पुढे जायचं, पाय काढला की परत यायला वाट नाही. पॅड डिस्कला चिकटून, चाक चोवीस तास ब्रेक लावून फिरत होतं. पॅड धरणाऱ्या कॅलिपरची पिनही गंजून जाम. होज दोन्हीकडचे बदलले, पिना घासून ग्रीस केल्या, नवं ऑइल भरून हवा काढली. चाचा ओरडले "दाब", मी दाबलं, "धर", मी धरलं, "सोड". असं वीसेक वेळा. बिल बेअरिंगच्या निम्मंही झालं नाही.

डिसेंबरात कापूस विकला आणि टायर मागवले. भुंगा गेला. त्याच्या जागी डॅशबोर्डची टिकटिक, काचेची शीळ आणि बाबांच्या अडकित्त्याचा आवाज ऐकू यायला लागला, जो बहुधा पहिल्यापासून होताच. जुन्या टायरांपैकी एक शेजारच्या पोरानं काठीनं पळवायला नेला, एकात आईनं तुळशीची रोपं लावली, दोन तसेच पडून आहेत.

संक्रांतीनंतर पुन्हा चिखलदऱ्याला जाऊन आलो, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये. परवा गाडी धुताना मॅटा काढल्या. माझ्या बाजूची नव्यासारखी आहे. बाबांच्या बाजूची, उजव्या पायाखाली, भोक पडायला आली आहे.